वाचकांचे प्रश्न : ऑब्राइट अशनी आणि त्यांतील विरल मृत्तिका

प्रश्न : १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातमधील दियोदर तालुक्यात पडलेला अशनी ‘ऑब्राइट’ या दुर्मीळ प्रकारचा असून त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग पायरॉक्सीन या एकाच खनिजगटाचा आहे, असे वाचनात आले. मग त्यातील अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्ये मोजून काय हाती लागते? आणि असा दगड पाण्याने धुऊ नये, असे का सांगतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच खनिजापाशी येऊन मिळतात, आणि ते खनिज प्रथम ओळखले गेले तेही भारतात पडलेल्या एका दगडात. २ डिसेंबर १८५२ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील बस्तीजवळ एक ऑब्राइट पडला. ब्रिटिश म्युझियममधील खनिजतज्ज्ञ नेव्हिल स्टोरी-मास्केलाइन यांना त्यात तपकिरी छटेचे बारीक गोलसर कण आढळले व ते कॅल्शियम सल्फाइडचे निघाले. १८६२ मध्ये त्यांनी या खनिजाला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तत्कालीन प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून ‘ओल्डहॅमाइट’ हे नाव दिले. बस्तीनंतर भारतात ऑब्राइट पडला तो १७० वर्षांनी, दियोदरला.

पृथ्वीच्या कवचात कॅल्शियम सहसा ऑक्सिजनच्या संगतीत, म्हणजे चुनखडीत किंवा फेल्डस्पारमध्ये, सापडते. ऑब्राइट ज्या पिंडातून आले तेथे मात्र उपलब्ध ऑक्सिजन इतका तुटपुंजा होता, की सिलिकेट खनिजांत लोह जवळजवळ शिरलेच नाही (हे दगड आतून पांढुरके दिसतात ते त्यामुळेच) आणि कॅल्शियम, मँगॅनीज, क्रोमियम, टायटॅनियम यांसारख्या मूलद्रव्यांचा काही वाटा गंधकाशी जोडला गेला. लॅन्थनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या विरल मृत्तिका (रेअर अर्थ) मूलद्रव्यांच्या आयनांचा आकार कॅल्शियमच्या आयनाच्या जवळपासचा असल्यामुळे तीही ओल्डहॅमाइटमध्ये सामावली. दगडाचा मुख्य घटक असलेल्या एन्स्टॅटाइट या मॅग्नेशियमच्या पायरॉक्सीनमध्ये त्यांना फारशी जागाच नसते. म्हणून अख्ख्या दगडात नगण्य वाटणारे हे खनिज त्यातील विरल मृत्तिकांचे प्रमुख भांडार ठरते. त्याच्या काही कणांत या मूलद्रव्यांचे प्रमाण आदिम कार्बनी अशनींच्या (सूर्यमालेची मूळ घडण जवळजवळ जशीच्या तशी जपलेल्या दगडांच्या) शंभर पटींहूनही अधिक भरते. अशा अशनींशी तुलना करण्याचे कारण असे, की सम अणुक्रमांकाची मूलद्रव्ये विश्वात शेजारच्या विषम क्रमांकांच्या मूलद्रव्यांपेक्षा विपुल असतात आणि कच्च्या आकड्यांचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतो; या अशनींतही तेच दाते असल्याने त्यांच्या आकड्यांनी भागाकार केला की दाते जातात आणि उरतो तो त्या खनिजाचा स्वतःचा इतिहास.

हा इतिहास अजून वादाचा आहे. ओल्डहॅमाइटचा वितळणबिंदू अतिशय उच्च असल्याने त्याचे कण सूर्याभोवतीच्या आद्य वायुमेघातच घनरूप झाले आणि पुढे पिंड वितळला तरी टिकून राहिले, असे काही संशोधक मानतात. इतरांच्या मते ते त्या वितळलेल्या शिलारसातूनच स्फटिकले. प्रयोगशाळेतील वितळण-प्रयोगांत मात्र कॅल्शियम सल्फाइड शिलारसातून विरल मृत्तिका इतक्या जोराने ओढून घेताना दिसत नाही, त्यामुळे केवळ दुसऱ्या मताने शंभर पटींचा हिशेब जुळत नाही. माझा कल पहिल्या मताकडे आहे, तरी प्रत्येक कणाला ते लागू पडेल असे मला वाटत नाही.

आता पाण्याविषयी. कॅल्शियम सल्फाइड दमट हवेतही विघटित होते. ओल्या करवतीने कापलेल्या चकतीतून ओल्डहॅमाइट निघून जाते, जागी पोकळ्या उरतात आणि त्याच्यासोबत विरल मृत्तिकांचा मोठा वाटाही नाहीसा होतो. म्हणून असे नमुने कोरडे किंवा अल्कोहोल वापरून कापतात. वाळवंटात वा अंटार्क्टिकात हजारो वर्षे पडून राहिलेल्या ऑब्राइटचे विश्लेषण त्यामुळेच जपून वाचावे लागते. शिवाय हे दगड भरड कणांचे असल्याने एखाद्या ग्रॅमच्या तुकड्यात ओल्डहॅमाइटचा एखादा कण आला की नाही, एवढ्यावरच लॅन्थनमचा आकडा कितीतरी पटींनी बदलू शकतो, आणि दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत तर दोघींचीही मोजणी बरोबर असू शकते. पडताना पाहिलेले आणि लगेच उचललेले दगड मोलाचे ठरतात ते यासाठी. अर्थात त्यातही नशिबाचा भाग असतोच : १९४६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये पडलेला पेन्या ब्लांका स्प्रिंग हा ऑब्राइट थेट एका पोहण्याच्या तळ्यात जाऊन पडला होता.