डिसोल्यूशनचा (गोळीतलं औषध द्रवात किती विरघळतं या चाचणीचा) नमुना नायलॉन फिल्टरने गाळला की औषध 8 टक्के कमी का येतं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: 5 मिग्रॅची गोळी, 900 मिली फॉस्फेट बफर, 25 मिमीचा 0.45 मायक्रॉन नायलॉन सिरिंज फिल्टर, पहिला 1 मिली टाकून बाकीचं एचपीएलसीला (द्रावणातलं औषध वेगळं करून मोजणाऱ्या यंत्राला). स्टँडर्ड (तुलनेसाठीचं, माहीत तीव्रतेचं द्रावण) मात्र न गाळताच व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) भरलाय. मग गोळीवर संशय घेण्याआधी फिल्टर तपासा.

मेम्ब्रेनच्या (फिल्टरमधल्या गाळणाऱ्या पडद्याच्या) पृष्ठभागावर औषधाचे रेणू चिकटतात, म्हणजे अधिशोषण होतं. नायलॉनमधले अमाइड गट हायड्रोजन बंध करतात, त्यामुळे फिनॉल किंवा आम्ल गट असलेली औषधं तिथे सहज अडकतात. पण चिकटायच्या जागा मोजक्याच असतात. समजा फिल्टर 10 मायक्रोग्रॅम धरतो. तुमचं द्रावण 100 टक्के विरघळलं तरी साडेपाच मायक्रोग्रॅम प्रति मिलीच आहे, म्हणजे जवळपास पावणेदोन मिलीतलं औषध गायब! हीच गोळी 250 मिग्रॅची असती, तर एका थेंबाइतकाही फरक पडला नसता. म्हणून कमी डोसच्या गोळ्या आणि सुरुवातीचे टाइम पॉइंट (नमुना काढायच्या ठरलेल्या वेळा) यांनाच हा त्रास जास्त.

तपासायला गोळी घेऊ नका, पूर्ण विरघळलेला स्टँडर्ड त्याच बफरमध्ये घ्या. गोळीच्या नमुन्यात न विरघळलेले कण असतात. न गाळता ते वेगळे करायला नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून कण खाली बसवणाऱ्या यंत्रात) घालावा लागतो, पण तोपर्यंत ते विरघळत राहतात आणि तुलनाच बिघडते. सर्वांत कमी अपेक्षित तीव्रता धरा, तुमच्याकडे साधारण 1 मायक्रोग्रॅम प्रति मिली. एका सिरिंजमधून सलग दाबत 1, 2, 3, 5, 7 आणि 10 व्या मिलीचा भाग वेगवेगळ्या व्हायलमध्ये घ्या आणि न गाळलेल्या त्याच द्रावणाशी एरिया (एचपीएलसीतल्या पीकचं क्षेत्रफळ) ताडून पाहा. असे तीन फिल्टर करा.

रिकव्हरी (न गाळलेल्याच्या तुलनेत मिळालेलं औषध) कमीपासून चढत 98 ते 102 टक्क्यांत स्थिरावली, तर अधिशोषणच. जिथे स्थिरावते तेवढे मिली टाकायचे. पहिल्या मिलीत जास्त येऊन पुढे उतरली, तर फिल्टरमधून काहीतरी सुटतंय; नुसता बफर गाळून ब्लँक (औषध नसलेला नमुना) चालवा, 210 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास मोजताना अनोळखी पीक दिसू शकेल. 10 मिलीपर्यंतही चढतच राहिली, तर फिल्टर बदला. मी आधी हायड्रोफिलिक (पाणी सहज शोषणारा) पीव्हीडीएफ किंवा रिजनरेटेड सेल्युलोज या मेम्ब्रेनचा फिल्टर लावून बघेन. साधा पीटीएफई (टेफ्लॉन) मेम्ब्रेनचा फिल्टर पाण्याच्या नमुन्याला लावू नका. मेथनॉलने भिजवल्याशिवाय पाणी त्यातून जातच नाही, आणि जोर लावला की फिल्टर फुटतो.

स्टँडर्डही गाळून घेतला की हिशोब जुळतो, असं बरेच जण सांगतील. तसं फक्त दोन्हींची तीव्रता सारखी असेल तेव्हाच होतं. दहाव्या मिनिटाच्या नमुन्याला ते लागू नाही. एकच फिल्टर सगळ्या टाइम पॉइंटना वापरणंही नको, आधीच्या नमुन्यातलं पुढच्यात उतरतं.

आणि पद्धतीत ‘थोडं टाका’ असं लिहू नका. मिलीचा आकडा, मेम्ब्रेन, व्यास, उत्पादक, सगळं लिहा.