जीवितकार्य शोधण्यासाठी नोकरी सोडू नका

वय चौतीस, नोकरी बरी, तरीही आपला जन्म कशासाठी आहे हे उमगत नाही, तेव्हा सहा महिने सगळे सोडून शोध घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी तो अकरा महिने घेतला आहे.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. नोकरीच्या सातव्या वर्षी मोठा भाऊ म्हणाला की, दुसऱ्यांच्या रक्तातल्या पेशी मोजत जन्म घालवणाऱ्याला ध्येय म्हणून काही नसतेच. ते बोलणे इतके लागले की मी राजीनामा दिला. घरी बसून वह्या भरल्या. ‘मला काय आवडते’, ‘जगाला काय हवे’ अशी एकमेकांना छेदणारी चार वर्तुळे पुन्हा पुन्हा काढली. (त्या वर्तुळांना ‘इकिगाई’ हे नाव २०१४ साली एका ब्लॉगलेखकाने चिकटवले; जपानी माणसे तो शब्द जगण्यातल्या लहानसहान आनंदांसाठीही वापरतात.) शिल्लक संपली, तेव्हा दुसऱ्या प्रयोगशाळेत त्याच कामावर रुजू झाले.

पहिल्या दिवशी काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला आणि दुसरी पट्टी तिरकी धरून एका दमात ओढली. हाताची सवय गेली होती. पहिले दोन लेप जाड आले. तिसऱ्याची कड मात्र पिसासारखी विरळ होत गेली, आणि लिशमन या रंगद्रव्याने रंगवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे जांभळे खंड, त्यांना जोडणाऱ्या बारीक धाग्यांसकट, स्वच्छ दिसले. शंभर पांढऱ्या पेशी मोजून होईपर्यंत मी मान वर केली नाही. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. ज्याचे हे रक्त आहे त्याच्या उपचाराची दिशा या मोजणीवर ठरू शकते, एवढेच प्रथमच मनापासून जाणवले. तेव्हापासून लेप बिघडला की मी तो पुन्हा काढते, कितीही घाई असली तरी.

संशोधक एमी व्रेझनिएव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९७ सालच्या अभ्यासात कामाकडे पाहण्याचे तीन प्रकार मानले होते: पोटापाण्याची नोकरी, बढतीची वाट आणि जीवितकार्य. त्यातले चोवीस कार्यालयीन सहायक, एकाच स्वरूपाचे काम करत असूनही, या तिन्हींत जवळजवळ सारखे विभागले गेले. नुसत्या कामाच्या नावावरून माणसाला ध्येय आहे की नाही हे ठरवता येत नाही, हे मी भावाला कितीदा तरी सांगितले. त्याला ते अजूनही पटत नाही.

जिथे रोज अपमान होतो किंवा पगारात घर चालत नाही, ती नोकरी अर्थातच सोडावी, पण दुसरी हाताशी ठेवून. झोप आणि भूकही उडाली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. एरवी, तुमच्या कामाचा कोणता भाग शेवटी एखाद्या माणसापर्यंत पोहोचतो ते पाहा आणि तेवढा एक भाग वर्षभर जीव ओतून करा. तुम्ही नेमके काय काम करता हे प्रश्नात लिहिलेले नाही. ते कळवलेत, तर हा भाग कोणता असू शकेल याविषयी मला अधिक लिहिता येईल.