डायल्यूशन आणि डायलिसिस बहिणी नव्हेत

प्रश्न असा: मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णाचं डायलिसिस अतिदक्षता विभागात दिवसरात्र चालू ठेवतात, तेव्हा रक्तात, गाळणीच्या आधी किंवा नंतर, जो द्रव घालतात त्याच्या 'प्री-डायल्यूशन' आणि 'पोस्ट-डायल्यूशन' या पद्धतींना मराठीत काय म्हणावं?

आधी एक विनंती. पहिलीला 'प्री-डायलिसिस' म्हणणं कृपा करून थांबवा. प्री-डायलिसिस म्हणजे डायलिसिसची वेळ अजून यायची आहे ती अवस्था. इथे तर यंत्र अखंड चालू आहे!

नावं जुळतात म्हणून गोत्र जुळत नाही. डायल्यूशन म्हणजे विरळ करणं; त्यातला धातू लॅटिनमधला, धुण्याचा. लॉन्ड्री त्याच घरची. डायलिसिसमधला 'लिसिस' ग्रीक, म्हणजे सोडवणं. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं १८६१ मध्ये तो शब्द रसायनशास्त्रात आणला. आता गंमत पाहा: त्याच सोडवण्याच्या धातूचं लॅटिन रूप 'सोल्यूशन'मध्ये आहे. म्हणजे पिशवीतलं सोल्यूशन डायलिसिसचं सख्खं, आणि त्याच्याशी यमक जुळवणारं डायल्यूशन परकं. सोडवण्याचा हाच धातू संस्कृतात 'लू', लुनाति, म्हणजे कापतो. त्यातून 'लव', कापून निघालेला बारीक तुकडा. म्हणजे आपला लवलेश! कापणं आणि सोडवणं यांचा काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी एकदा दोर कापून पाहावा.

डायलिसिसला 'अपोहन' म्हणणारे रागावतील. गीतेत 'मत्तः स्मृतिर्ज्ञानमपोहनं च' आहे, शब्द देखणा आहे, पण अर्थ फक्त दूर होण्याचा. नुसत्या गाळण्याच्या प्रकारात, किलोमागे ताशी २५ मिलीनं, ७० किलोच्या माणसाचं दिवसाला ४२ लिटर पाणी गाळून निघतं. अशा पुरुषाच्या अंगात एकूण पाणीच साधारण तेवढं! जादा साचलेलं वगळता बाकी सगळं परत द्यावं लागतं. त्या देण्याचा अपोहनात मागमूस नाही.

'पूर्व-विरलन, पश्च-विरलन' सुचवणाऱ्यांनी तर यंत्राचा विचारच केलेला नाही. द्रव गाळणीआधी घातला तर रक्त खरंच विरळ होतं: गुठळ्या कमी होतात, पण युरियाही विरळ झाल्यानं लिटरमागे कमी निघतो. गाळणीनंतर घातला तर सफाई चांगली होते, मात्र गाळणीत रक्त दाटतं. म्हणून प्लाझ्मातलं २०-२५ टक्क्यांहून जास्त पाणी काढू नये असं पाहतात. द्रव मिसळल्यावर दाटलेलं रक्त मूळपदावर येतं. याला विरलन कसं म्हणणार?

म्हणून 'गाळणीआधीची भरपाई' आणि 'गाळणीनंतरची भरपाई'. पुष्कळदा दोन्ही एकदम देतात. भरपाई म्हणजे मुळात पूर्ण रक्कम मिळाल्याची पावती, 'भरून पावलो'मधलं पावणं. डायलिसेट, म्हणजे डायलिसिसमधला रक्त साफ करणारा द्रव, मात्र तिच्यात धरू नका. ते गाळणीतल्या पडद्याच्या पलीकडून वाहतं, रक्तात घालत नाहीत.