तेच फाटकं पुस्तक रोज घेऊन येतो, काय करू?

"मॅडम, आम्हाला दुसऱ्यांनी वापरलेली पुस्तकं आणि खेळणी मिळालीत, खोकाभर. मुलगा चार वर्षांचा होईल आता. पण तो नुसता खोका उपडा करतो आणि त्यातलं एकच फाटकं पुस्तक घेऊन येतो, रोज तेच. याचा खरंच काही उपयोग होतो का हो, की पोरगं मागे पडतंय आणि आपण आपलं मनाचं समाधान करून घेतोय?"

हा प्रश्न शब्द बदलून बदलून मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता समोरचं माणूस "खोका" म्हणालं की पुढचं साधारण कळतंच. कधी आई विचारते, कधी आजी, कधी बालवाडीच्या ताई विचारतात की दान आलेल्या सामानाचं कपाट भरलंय पण मुलं त्याला हातच लावत नाहीत. म्हणून यातलीच एक केस सांगते. घरच्यांना विचारलंय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, पोराला आपण छोटू म्हणू.

पहिल्यांदा आई एकट्याच आल्या. मोबाईलवर फोटो दाखवला, खोलीभर पसारा आणि मधे छोटू, अंगठा तोंडात. खोक्यात काय काय आहे विचारलं तर म्हणाल्या पंधरा-वीस पुस्तकं, लाकडी ठोकळे, तीन-चार पझल (प्रत्येकात एखादा तुकडा गायबच), फासा हरवलेली सापशिडी, मण्यांची डबी आणि बटण दाबलं की अक्षरं म्हणून दाखवणारं एक बॅटरीचं खेळणं. "ते तेवढं चांगलं आहे मॅडम," असं स्वतःहून सांगितलं. मग आवाज खाली आला, "सगळं कोणीतरी दिलेलंच आहे, नवीन काही नाही." नवऱ्याचं म्हणणं होतं की या जुन्या कचऱ्यापेक्षा हप्त्यावर टॅबलेट घेऊ, त्यात सगळं शिकवतात.

आता माझी चूक सांगते, कारण ती लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही. मी त्यांना टाइमटेबल करून दिलं. सकाळी पुस्तक, दुपारी ठोकळे, संध्याकाळी पझल, प्रत्येकी वीस मिनिटं. कागदावर मस्त दिसत होतं. दोन आठवड्यांनी त्या आल्या त्या रडकुंडीला येऊनच, खोका बाहेर काढला की छोटू पलंगाखाली जाऊन बसायला लागला होता. चार वर्षांच्या पोराला मी होमवर्क दिला होता, दुसरं काय.

मग म्हटलं छोटूला घेऊन या आणि खोक्यातलं जमेल तेवढं पिशवीत भरून आणा. आणलं. मी त्यातल्या फक्त चार वस्तू सतरंजीवर ठेवल्या आणि बाकी सगळं कपाटात. आईंना वाटलं काहीतरी टेस्ट चाललीये. तसं काही नव्हतं, २०१८ मध्ये अमेरिकेत टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांवर एक साधा प्रयोग झाला होता, एकदा समोर चार खेळणी आणि एकदा सोळा, तर चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याचे वेगवेगळे खेळ केले. छोटू त्यांच्यापेक्षा मोठा आहे, पण खोका उपडा करणं म्हणजे काय ते यातून कळतं. एवढ्या गर्दीत काय धरावं हेच पोराला कळत नाही, मग तो ओततो आणि ओळखीचं एक पुस्तक घेऊन सटकतो. दान आलेल्या सामानाची गोम हीच आहे, ते एकदम येतं, ढिगाने.

छोटूने अर्थातच चारांमधून ते पुस्तक उचललं. पावसात सापडलेल्या प्राण्यांची गोष्ट, कोपरे चावलेले, शेवटचं पान नाहीच. आई वाचायला लागल्या, भरभर, वाचून संपवायचं असल्यासारखं. छोटू मधेच मागचं पान उलटायला गेला तर त्यांनी त्याचा हात हळूच बाजूला केला. पुन्हा गेला, पुन्हा केला. मी म्हटलं पुढच्या पानावर तुम्ही काहीच वाचू नका, मनात सावकाश पाचपर्यंत मोजा आणि बघत रहा तो काय करतो. त्यांना ते पाच अंक फार लांब वाटले असणार, चेहऱ्यावर दिसत होतं. चार झाले असतील, छोटूने चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा भिजला."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली. "कोण भिजलं रे?" आईंनी विचारलं.

"माकड. त्याची छत्री दादाने नेली."

त्या पुस्तकात छत्री नाही, दादाही नाही. पोराने स्वतः कारण जोडलं, वाक्य केलं, आणि हे सगळं आई गप्प बसल्या म्हणून.

यामागे जुना आणि चांगला अभ्यास आहे. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईबाबांना एवढंच शिकवलं की वाचताना हो-नाहीचे प्रश्न सोडा, "हे काय करतंय", "पुढे काय होईल" असं विचारा, मूल जे बोलेल त्यात दोन शब्द घालून परत म्हणा आणि हळूहळू गोष्ट त्याच्याकडे सोपवा. दुसऱ्या गटातले आईबाबाही तेवढंच वाचत होते, फक्त नेहमीसारखं. एका महिन्यात पहिल्या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांमध्ये निदान सहा महिने पुढे निघाली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की यात पुस्तक नवं की जुनं हा मुद्दा कुठे येतच नाही.

आणि तेच ते पुस्तक रोज आणणं, ज्याची आईंना सगळ्यात जास्त काळजी होती, ते तर चांगलंच आहे. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींमधून नवे शब्द ऐकवले, काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, काहींना दरवेळी वेगळी, पण नवे शब्द सगळ्यांच्या कानावर सारखेच पडले. शब्द जास्त लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. पहिल्यांदा पोरगं चित्रात आणि पुढे काय होणार यातच गुंतलेलं असतं, गोष्ट पाठ झाली की मग कुठे त्याला शब्दांकडे बघायला फुरसत मिळते. छोटूच्या पुस्तकात "ओलाचिंब" हा शब्द होता. घरी कधी कोणी तो वापरत नाही, असं आईच म्हणाल्या. तीनेक आठवड्यांनी नळाखाली हात धुताना बाही भिजली तर साहेब ओरडत आले, "आई, माझं मनगट ओलाचिंब!" व्याकरण जाऊ दे, शब्द बरोबर जागी बसला ना.

शेवटचं पान नव्हतं म्हणून आई ते पुस्तक टाकून देणार होत्या. आता रोज रात्री शेवट छोटू सांगतो. एकदा माकड कुणाच्या तरी खिशात जाऊन झोपलं, एकदा पाऊसच कंटाळून घरी गेला. पझलचंही तसंच, तुकडा नसेल त्या भोकात बोट घालून हा पठ्ठ्या म्हणतो "इथला कान पडला", मग आईंनी पुठ्ठ्याचा कान कापून दिला आणि तो कान बसेपर्यंत तिघं, म्हणजे बाबा पण, कात्री घेऊन बसले होते. वाढदिवसाला आलेल्या नव्याकोऱ्या पझलवर बाबा कधी बसले नव्हते बरं का.

अंकांचं मात्र वेगळं होतं. छोटू एक ते वीस गाण्यासारखं म्हणून दाखवायचा, पण सात मोठे की चार विचारलं की आधी तुमचं तोंड बघायचा. आईंना वाटत होतं सापशिडीने जमेल. सापशिडी या वयाला जरा अवघड जाते, शंभर घरं, ओळ संपली की उलट फिरायचं, पोराला कळत नाही पुढे म्हणजे कुठे. म्हणून आम्ही सापशिडीच्या बोर्डाची मागची कोरी बाजू घेतली, एका सरळ ओळीत दहा चौकोन, डावीकडून एक ते दहा. फासा नव्हताच, नाण्याला एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला २ लिहून चिकटवलं. ही माझी आयडिया नाही. २००८ मध्ये गीता रमणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी गरीब घरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर असाच पट्टीचा खेळ खेळला होता, दोन आठवड्यांत चार वेळा, दरवेळी पंधरा-वीस मिनिटं. मोजणं, अंक ओळखणं, कोणता मोठा ते सांगणं, सगळं सुधारलं आणि नऊ आठवड्यांनी तपासलं तरी टिकून होतं. तसाच खेळ पण अंकांऐवजी रंगांचा खेळलेल्या मुलांमध्ये तो फरक दिसला नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे जी बहुतेक जण चुकवतात, मीही चुकवायचे. सोंगटी पाचच्या घरात असेल आणि दोन पडले तर आपण सवयीने "एक, दोन" म्हणत पुढे जातो. तसं नाही म्हणायचं. ज्या घरात पाऊल पडतंय त्याचा अंक म्हणायचा, "सहा, सात". नाहीतर पोराच्या कानावर नुसतं एक-दोन एक-दोनच पडतं आणि पाचच्या पुढे सहा येतात हे कळायचं राहून जातं. छोटू सुरुवातीला दहाला पोचला की मुद्दाम उलटा एककडे यायचा, आईंना ती चीटिंग वाटली, मी म्हटलं येऊ द्या, उलटे अंक फुकटात होतायत.

बॅटरीच्या खेळण्यावरून आईंशी जरा वाजलंच माझं. त्यांना ते खोक्यातलं सगळ्यात भारी वाटत होतं. पण अशा बोलणाऱ्या खेळण्यांचं एक आहे, ते बोलायला लागलं की माणसं गप्प होतात. अगदी लहान, दहा ते सोळा महिन्यांच्या बाळांवरचा एक छोटा अभ्यास आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक खेळण्यांसोबत आईबाबा सगळ्यात कमी बोलले आणि पुस्तकांसोबत सगळ्यात जास्त. टॅबलेटचा मुद्दा बाबांशी याच अंगाने बोलले, भांडले नाही, फक्त म्हटलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने बसून स्क्रीन बघायला दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, आणि पाचपर्यंत मोजत वाट बघणं टॅबलेटला जमत नाही. पटलं की नाही माहीत नाही, हप्ता मात्र सुरू केला नाही.

त्याच खेळण्याच्या बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू नव्हता, आणि घरात छोटूची दीड वर्षाची बहीण आहे. वापरलेल्या वस्तूंच्या बाबतीत एवढं एक कडक रहा. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते, अशा वेळी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. मणी, छोटे तुकडे, टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको. मण्यांची डबी म्हणून वरच्या फळीवर गेली.

आता त्या खाली आलेल्या आवाजाबद्दल. "कोणीतरी दिलेलं." मी त्यांना सांगितलं की १९८९ मध्ये बोस्टनच्या एका सरकारी हॉस्पिटलात बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या मुलांना पुस्तकं द्यायला सुरुवात केली, वाचायचं कसं तेही तिथेच बसून दाखवायचे, आणि तो उपक्रम आज अमेरिकाभर चालतो. लॉस एंजेलिसमध्ये १९३५ पासून मुलांना लायब्ररीतल्या पुस्तकासारखी खेळणी उसनी मिळतात. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणं हे या वस्तूंचं कामच आहे. पटलं असं नाही म्हणणार, पण पुढच्या वेळेपासून त्या नुसतं "आमची पुस्तकं" म्हणायला लागल्या.

तीन-चार महिन्यांत छोटू काही वाचायला लागला नाही, अक्षरंही दोन-तीनच ओळखतो, चार वर्षांच्या पोराने वाचावं अशी माझी अपेक्षाही नाही. आता आठवड्याला चार वस्तू बाहेर असतात, बाकी पलंगाखाली, आणि रविवारी अदलाबदल. हो, एक सांगायलाच हवं, चार वर्षांचं मूल वाक्यच करत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल किंवा येत असलेले शब्द हरवले असतील तर पुस्तकांच्या भरवशावर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा, कान तपासून घ्या. छोटूचं तसं काही नव्हतं.

त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आधीच्या मुलाचं नाव होतं, पेन्सिलने. आईंनी त्यावर स्टिकर लावला होता, छोटूने तो नखाने खरवडून काढला आणि विचारलं हे कोण. मी म्हटलं होतं खरं ते सांगा. आईंनी सांगितलं, हे पुस्तक आधी या मुलाचं होतं. छोटूने विचार करून ठरवलं, "तो आता मोठा झाला." गेल्या आठवड्यात त्यांचा रात्री उशिरा मेसेज आला, सोबत फोटो. त्या नावाखाली दोन वाकड्या रेघा, एक गोल आणि गोलाला शेपूट. "म्हणतो हे माझं नाव आहे. पेनने लिहिलंय मॅडम, रागावू का?"