युनिव्हर्सिटीच्या लिनक्स मशीनवर घरून लॉगिन करून सी प्रोग्रामिंगचं काम करावं का, की लॅपटॉपवरच करून शेवटी फाइल पाठवली तर चालेल?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंग पुण्याला झालं, आता अमेरिकेत एमएसला आलात, सी चा कोर्स घेतलाय आणि सरांनी डिपार्टमेंटच्या मशीनवर एसएसएच करून, म्हणजे दुरून सुरक्षितपणे लॉगिन करून, काम करायला सांगितलंय. लॅपटॉपवर सगळं नीट चालतंय मग तिकडे जायचं कशाला, असा प्रश्न. मीही सांगलीहून अशीच थेट अमेरिकेत गेले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मार्क तिकडच्या मशीनवर चाललं तरच मिळतात. बहुतेक ठिकाणी असंच असतं, स्टॅनफर्डच्या सीएस १०७ ला मिथ मशीन्स आहेत, कार्नेगी मेलनच्या १५-२१३ ला शार्क मशीन्स. आपल्याकडे बऱ्याच जणांचा हात टर्बो सी च्या निळ्या स्क्रीनवर बसलेला असतो, तिथली कोनिओ डॉट एच ही हेडर फाइल लिनक्सवर नसतेच, त्यामुळे क्लिअरस्क्रीन, गेटसीएच पहिल्याच कंपाइलला अडकतात. टर्बो सी मध्ये इंट २ बाइटचा, तिकडे जीसीसी या लिनक्सवरच्या कंपायलरमध्ये ४ चा. हे निदान लगेच कळतं तरी. माझ्या दुसऱ्या असाइनमेंटला लिंक्ड लिस्ट होती, शेवटच्या नोडच्या नेक्स्टमध्ये नल टाकायचं राहिलं होतं. लॅपटॉपवर मॅलॉकने (मेमरी मागायचं फंक्शन) दिलेल्या जागेत योगायोगाने शून्यच पडलेलं, त्यामुळे आठवडाभर सगळं बरोबर दिसलं, आणि सबमिट करायच्या रात्री मशीनवर टाकलं तर थेट सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम चुकीच्या मेमरीत गेला म्हणून बंद. व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारं टूल चालवल्यावर दहा मिनिटांत ओळ सापडली, पण ती दहा मिनिटं मला आठवडाभर आधी मिळू शकली असती. तेव्हा लॅपटॉपवर लिहा हवं तर, पण रोज तिकडे नेऊन चालवून बघा.

आता लॉगिन. विंडोज १० ला २०१८ पासून एसएसएच आतच येतं, पुट्टीसारखं वेगळं सॉफ्टवेअर टाकायची गरज नाही, कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएसएच, मग युजरनेम, ॲट, मशीनचं नाव. कॅम्पसच्या बाहेरून असाल तर बऱ्याच ठिकाणी आधी व्हीपीएन (बाहेरून कॅम्पसच्या नेटवर्कशी जोडणारी सोय) चालू करावं लागतं, नाहीतर नुसतं थांबून राहतं आणि आपल्याला वाटतं पासवर्ड चुकला. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच येत नाही, चांदण्यासुद्धा नाही, तसंच असतं ते, टाइप करून एंटर मारा. पहिल्यांदा जोडताना तो मशीनचा फिंगरप्रिंट, म्हणजे ओळख पटवायचा कोड, दाखवून यस की नो विचारतो, तिथे डोळे झाकून यस करू नका, कोर्सवाल्यांनी दिलेल्याशी ताडून बघा. १९९५ साली हेलसिंकीच्या टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी बसून पासवर्ड टिपले, तेव्हा तिथल्याच तातू यल्योनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्याआधी टेलनेट या लॉगिनच्या जुन्या पद्धतीत पासवर्ड उघडाच जायचा.

मग व्हिम, म्हणजे टर्मिनलमध्येच कोड लिहायचा एडिटर. विंडोजची सवय म्हणून तुम्ही सेव्ह करायला कंट्रोल एस दाबणार, आणि व्हिम जुनं असेल तर स्क्रीन गोठणार. माझं नेट गेलं असं समजून मी विंडो बंद करून परत लॉगिन केलं, तर व्हिम सांगतोय या फाइलची स्वॅप फाइल (सेव्ह न केलेलं काम जपून ठेवणारी) आधीच आहे, घाबरून मी तीच डिलीट केली आणि तासाभराचं काम गेलं. नेट गेलंच नव्हतं. कंट्रोल एसने टर्मिनल थांबतं, कंट्रोल क्यू दाबलं की परत सुरू होतं, बास. आणि स्वॅप फाइल दिसली तर आधी आर दाबून रिकव्हर करा, सेव्ह करा, मग ती काढा.

नेट खरंच तुटतं त्यासाठी टीमक्स शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. लॉगिन झालं की टीमक्स सुरू करायचं, वायफाय गेलं तरी आतलं सगळं तसंच राहतं, परत येऊन अटॅच करायचं. फक्त एक गोष्ट मला फार उशिरा कळली, एकाच नावामागे कधीकधी पाच-सहा मशीन्स असतात आणि दर वेळी वेगळ्याच मशीनवर पोचता. होम फोल्डर नेटवर्कवर असल्यामुळे फाइल्स सगळीकडे दिसतात, पण टीमक्स ज्या मशीनवर सुरू केलं तिथेच असतं. म्हणून आधी होस्टनेम कमांड देऊन नाव टिपून ठेवा.

आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त हे सांगायचंय, की ते मशीन तुमचं एकट्याचं नाही. तुमच्यासारखी चाळीस पोरं त्याच वेळी आत असतात. डब्ल्यू कमांड दिली की कोण कोण आहे आणि लोड किती ते दिसतं, एनप्रॉकने प्रोसेसरचे कोअर किती ते कळतं, लोड त्याच्या बराच वर असेल तर दुसऱ्या मशीनवर जा. व्हीएस कोड या एडिटरने जोडलात तर तो तिकडे स्वतःचा सर्व्हर टाकतो, मेमरी आणि तुमच्या वाट्याची डिस्कची जागा दोन्ही खातो, काही डिपार्टमेंट त्याला नाहीच म्हणतात, आधी विचारून घ्या. असाइनमेंटच्या फोल्डरला सीएचमॉड ७०० करा, म्हणजे तो फक्त तुम्हालाच उघडेल, कारण काही ठिकाणी होम फोल्डर इतरांना वाचता येतं, आणि कोणी तुमचा कोड उचलला तर चौकशीला दोघांनाही बसावं लागतं.

कंट्रोल झेड म्हणजे बंद करणं नव्हे, प्रोग्राम फक्त थांबतो आणि मेमरी धरून बसतो, बंद करायला कंट्रोल सी. एकदा डेडलाइनच्या रात्री सगळ्यांचं मशीन रांगत होतं, मी टॉप ही चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड लावून बघितलं तर वरच्या तीन ओळींत माझंच नाव, वाइल लूपमधून बाहेर न पडलेले तीन प्रोग्राम, प्रत्येकी जवळपास १०० टक्के सीपीयू, दुपारपासून टीमक्समध्ये तसेच चालू. कोणीतरी चार तास त्यापायी अडकलं असेल याचं मला अजून वाईट वाटतं. निघताना पीएस डॅश यू आणि तुमचं युजरनेम टाकून बघा, आपलं काही उरलं असेल तर किल करा, मगच एक्झिट.