उभी राहणारी कॅम्पर गाडी विदर्भात निघायला तयार कशी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, करून घेतली, गाव दिग्रसकडे, वर्षातले बरेच महिने गाडी वाड्यात उभी असते आणि नेमकं निघायच्या दिवशी काहीतरी बंद पडलेलं सापडतं. आता दिवाळीत ती चिखलदऱ्याला न्यायची आहे. मी वर्ध्याकडचा, आमच्याकडेही अशीच गाडी आहे. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघाल तर बर्फात पाइप गोठू नये म्हणून काय करायचं तेच सांगत बसतात. आपल्याला त्याचा काय उपयोग? आपला त्रास म्हणजे मे महिना, काळी माती आणि उंदीर.

आधी मुख्य गोष्ट. तुमची गाडी चालवल्याने बिघडत नाहीये, उभी राहून बिघडतेय. आमचा मिस्त्री म्हणतो, "भाऊ, हिले बाजाराले तरी नेत जा." खरंच न्या. पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन नीट तापेल अशी. वाड्यात दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवण्याला अर्थ नाही. तेवढ्यात बॅटरी भरत नाही, ऑइल तापत नाही म्हणून आतला ओलावा उडत नाही, आणि बीएस-६ डिझेल असेल तर सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये काजळी उलट साचते. एवढी मोठी गाडी घेऊन वांगे आणायला गेला म्हणून लोक हसतील. हसू द्या.

आता उंदीर. सोयाबीन निघालं, कुटाराचा ढीग लागला की ते घर शोधायला लागतात, आणि ढिगाला लागून उभी असलेली गाडी त्यांना आयती मिळते. आमच्या एअर फिल्टरच्या डब्यात एकदा कापसाचं घरटं निघालं होतं, सरकीसकट. खाली बॉनेटच्या फोमचा भुगा अंथरलेला. म्हणून निघायच्या आधी तो डबा उघडून बघाच, चार क्लिपांचं काम आहे. गाडी कुटारापासून, पऱ्हाटीच्या गंजीपासून लांब लावा. उभी असताना बॉनेट उघडं ठेवा. अंधार आणि आडोसा नसला की ते फारसे थांबत नाहीत. कॅम्पर करताना पाण्याच्या आणि वायरच्या पाइपांसाठी तळाला भोकं पाडली असतील, ती बारीक लोखंडी जाळीने बुजवा. नुसता फोम भरला तर तो कुरतडून आत येतात. विषाची वडी मात्र गाडीत ठेवू नका. उंदीर प्लायच्या मागे जाऊन मेला तर आख्खं कपाट खोलावं लागतं. पिंजरा लावा. कुणी तंबाखूची पुडी ठेवायला सांगेल. माझा त्यावर विश्वास नाही, आपल्याकडच्या उंदरांना खर्ऱ्याचं काय अप्रूप!

बॅटऱ्या तुमच्याकडे दोन असतील, एक इंजिनची, एक आतल्या दिवे-पंख्यांची. साधा मल्टीमीटर घ्या. लेड-अॅसिड बॅटरी काही तास आराम करून १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. तशीच निम्म्यावर महिनोन्‌महिने पडली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग कितीही चार्ज करा, ती पहिल्यासारखी होत नाही. आपल्या उन्हात हे सगळं अजून लवकर होतं. त्यामुळे उभी करताना कटऑफ स्विच बंद करा, आणि सोलर पॅनल असेल तर मळणीच्या दिवसांत त्यावरची धूळ पुसत जा. आत घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी बसवली असेल तर एक लक्षात ठेवा: चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. पलंगाखाली कोंडून ठेवू नका, तिच्या पेटीतून बाहेर जाणारी नळी काढा. आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी ना बॅटरीत, ना रेडिएटरमध्ये. खारपाण पट्ट्यातून, म्हणजे अकोला-दर्यापूरकडून, जाताना आतली टाकी भरावी लागली तर परतल्यावर ती पूर्ण रिकामी करून धुवा, नाहीतर पंपात क्षार धरतात.

छताचं काम मृग लागायच्या आधी. उन्हात वर्षभर तापून पंख्याच्या आणि पॅनलच्या भोवतीचं सीलंट चिरतं. जुनं खरवडून काढल्याशिवाय नवीन लावू नका. जुन्या सिलिकॉनवर नवीन चिकटत नाही. बाथरूमचं सिलिकॉनही नको, गाडीच्या बॉडीला लावतात ते पॉलीयुरेथेनचं घ्या. मग एकाने वावरातल्या मोटरच्या पाइपाने छतावर निवांत पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन आत बसायचं. वरून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आत ओलावा कोंडून गाद्यांना बुरशी येते. टिनाचं शेड, पण गाडी आणि टिनामध्ये हवा खेळेल एवढी जागा, हे सगळ्यात बरं.

खाली मुरूम टाकून घ्या. काळ्या मातीवर उभी ठेवली तर पावसाळ्यात ती चाकांपर्यंत बसते, आणि चेसिसला चिकटलेला चिखल वाळला तरी आत ओलच राहतो, तिथूनच गंज सुरू होतो. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलीत ब्रेकशू ड्रमला धरतात. गिअरमध्ये टाका, चाकाला गोटे लावा.

टायरची नक्षी बघून फसू नका, वय बघा. बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. उभ्या गाडीचा टायर घासत नाही, पण उन्हाने तडकतो. हवा पहाटे, टायर थंड असताना भरायची. पण किती भरायची हे आधी वजन केल्याशिवाय कळणार नाही. प्लाय, टाकी, बॅटऱ्या, सगळं सामान आणि माणसं चढवून गाडी एकदा जवळच्या जिनिंगच्या धरमकाट्यावर न्या. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या अॅक्सलवर किती आहे ते निघतं. आरसी बुकातल्या वजनाशी ताडून बघा. घाटात ब्रेक तापतात त्याचं अर्धं कारण या कागदावर दिसेल. आरसी हातात आहेच तर बदल आरटीओत चढवलाय का तेही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि नोंद नसेल तर विमेवाला क्लेमच्या वेळी तेच पुढे करतो.

गॅसचं सिलिंडर उभ्या गाडीत ठेवायचंच नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून झरोका खाली हवा. जोडणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर चिखलदऱ्याआधी बदला. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि परतवाड्याकडे उतरताना तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं. तरीही पहिली फेरी घाटाची करू नका. दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी लोणारला जाऊन या. तिथे पोचल्यावर चारही चाकांच्या डिशजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग गेलंय. ते दुरुस्त करा, मग चिखलदऱ्याचं ठरवा.