अकरा वेळा १ लिहून होणारी संख्या मूळ आहे का? संगणकाशिवाय कसं ओळखायचं?

नाही, मूळ नाही. ११,११,११,११,१११ म्हणजे २१६४९ × ५१३२३९. गुणून बघा, फक्त आठ आकडी कॅल्क्युलेटर घेऊ नका, मावत नाही.

११ एक आहेत आणि ११ मूळ, म्हणून आख्खी संख्या मूळ, असं तुमच्या सरांनी सांगितलं म्हणता. हेच माझ्या भावोजींनी चवथीला फोंड्याच्या घरी छातीठोकपणे सांगितलं होतं. आरती आटपलेली, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीखाली, पत्त्यांचा डाव बसलेला, आणि भावोजी बँकेत, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत घरात त्यांच्यापुढे कोण बोलणार! मी म्हटलं, १११ म्हणजे ३ × ३७ आणि १११११ म्हणजे ४१ × २७१. तीन मूळ, पाचही मूळ, मग तुमचा नियम गेला कुठे? "त्या बारक्या संख्या गो," म्हणाले आणि पत्ते पिसायला लागले.

डोक्यात गेलं. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून बसले.

सरळ भागत सुटलं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे १,०५,४०९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतात. त्या दहा हजारांच्या आसपास. तेवढं कोणी करत नाही. आपल्या संख्येची नऊपट अधिक एक म्हणजे १० चा अकरावा घात. तेव्हा एखादी मूळ संख्या तिला भागत असेल, तर तिने त्या घाताला भागून बाकी १ उरते. ३ बाद, कारण अंकांची बेरीज ११. मग फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की विभाजकाहून एकने कमी इतक्या घातालाही बाकी १ च उरते, म्हणून त्या विभाजकातून १ वजा केला की उरलेल्याला ११ ने भाग जायलाच हवा, आणि विभाजक विषम, म्हणून २२ ने. झालं! २३, ६७, ८९, १९९ अशाच तपासायच्या. २३ घेतलं तर बाकी २२ येते, गेलं. २१६४९ पर्यंत अशा अडीचशेच्या आत-बाहेरच मूळ संख्या आहेत. तिथे १० च्या दहाव्या घाताला २१६४९ ने भागून बाकी आली २१६५. दहाने गुणा: २१६५०. एक उरला! मी ओरडले तेव्हा सासूबाई नेवऱ्या तळत होत्या, त्यांना वाटलं तेल उडालं.

भावोजींनी काय करावं? लॅपटॉप आणला, संख्या टाकली आणि म्हणाले, "बघ, क्षणात आलं. कशाला एवढा खटाटोप?" मी विचारलं, मग दोन्ही अवयवांना २२ ने भागून बाकी १ च का येते, ते विचारा तुमच्या लॅपटॉपला. अजून उत्तर नाही. म्हणून तुम्हाला सांगते, अवयव पडद्यावर बघून गणित आलं असं समजू नका आणि बँकेतल्या माणसाला तर मुळीच विचारू नका.

एक मात्र कबूल. ही चाळणी उमेदवार कमी करते, निकाल देत नाही. १९ एकांची संख्या खरंच मूळ आहे, २३ एकांचीही. तिथे वर्गमूळच शंभर कोटींच्या पुढे, हाताने सात जन्मांत होणार नाही. भावोजींचा लॅपटॉपच हवा. उलट एकांची गणती मूळ नसेल तर काही तपासायलाच नको, १११११११११ ला १११ ने भाग जातोच.

सरांना गाठायचं असेल तर तेरा एकांची द्या. २६ च्या उड्या मारायच्या: २७ मूळ नाही, पुढचाच ५३. भाग जातो.